१९७६ची ३२ फुटी शिडाची बोट: भरसमुद्राला पैकीच्या पैकी, गोव्याच्या किनाऱ्याला काठावर पास

आधी निकाल, मग कारणं. झुआरीच्या काठावर विकायला काढलेली ही बोट लांबच्या सफरींसाठी घेत असाल तर घ्या, फक्त डेकच्या दुरुस्तीचा खर्च मागणीतून वजा करून घ्या. रविवारी दुपारी मिरामारसमोर फेऱ्या मारायला आणि पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला घेत असाल तर नको. त्या कामाला ती फार जड, फार खोल आणि फार हट्टी आहे.

बनावटीचं नाव लिहीत नाही. त्या साच्यातली दुसरी बोट या किनाऱ्यावर माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे नाव लिहिलं की मालकाचं घरच सापडायचं, आणि माणूस भला आहे. लांबी ३२ फूट, पाण्याच्या रेषेवर २४ फूट, रुंदी सव्वानऊ, पाण्याखालची खोली साडेपाच फूट. वजन साडेपाच टन, त्यातलं अडीच टनांहून थोडं जास्त नुसतं शिसं, तेही कीलच्या, म्हणजे बुडाखालच्या मधल्या पात्याच्या, पोटात ओतून बंद केलेलं. कील लांब, नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, मागून सुरू होऊन थेट सुकाणूपर्यंत जाणारी, आणि सुकाणू तिच्याच मागच्या कडेला बिजागरीवर. १९७६ साली इंग्लंडात साच्यातून निघाली. अग्वादचा १८६४चा जुना दीपस्तंभ निवृत्त झाला त्याच साली.

माझा धंदा फायबरचा. रापणकारांच्या होड्यांची डागडुजी, ट्रॉलरची बर्फाची खणं, पाण्याच्या टाक्या, अधूनमधून एखादं मंदिराचं मखर. शिडाच्या बोटींवर खलाशी म्हणून जातो तो हौसेने. बोट घ्यायची आहे ती भाच्याला. तो मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनियर आहे, सुट्टीवर आला की त्याला समुद्राचाच कंटाळा कसा येत नाही हे त्याच्या आईला अजून उमगलेलं नाही. आम्ही कामं वाटून घेतली. इंजिन त्याने बघायचं, बाकी सगळं मी.

जुन्या फायबरच्या बोटीबद्दल लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पन्नास वर्षांचं फायबर टिकतं का? टिकतं. काचेची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन नीट भिजवून, हवा काढून बसवलेलं असेल तर नुसत्या वयाने त्याला काही होत नाही. त्याला मारतात त्या दुसऱ्याच गोष्टी: सतत लवत राहणं, आत शिरलेलं पाणी आणि कुणीतरी केलेली घाईची दुरुस्ती. या बोटीत पूर्वी एक सेन्सर काढून टाकला होता, त्याचं बुजवलेलं भोक मालकाच्या परवानगीने मी पुन्हा उघडलं. कडेची जाडी कीलजवळ चांगली १४ मिलिमीटर भरली. वर पाण्याच्या रेषेजवळ ती ९च्या आसपास येत असावी असा टिचकीच्या आवाजावरून अंदाज. थर मोजता येत होते: मॅट (विस्कटलेल्या धाग्यांची चटई), रोव्हिंग (विणलेलं जाड कापड), मॅट, रोव्हिंग, आणि रेझिन आरपार पोचलेलं. पांढरे कोरडे धागे कुठेच नाहीत. ज्याने कुणी ते रोलर फिरवले त्याला पगार वेळेवर मिळत असणार.

मात्र 'जुन्या बोटी जाड म्हणून मजबूत' हे वाक्य दलालाच्या तोंडून ऐकलं तर अर्धंच खरं माना. हाताने बसवलेल्या मॅटच्या थरात वजनाने काच तिसरा हिस्सा, बाकी रेझिन. म्हणजे जाडी आहे, वजन आहे, पण त्या मानाने ताठपणा कमी. म्हणून जाडीपेक्षा मी बल्कहेड बघतो, म्हणजे आतल्या आडव्या प्लायवूडच्या भिंती. त्या फायबरच्या पट्ट्यांनी कडेला चिकटवलेल्या असतात. पट्टी सुटली की भिंत नुसती उभी राहते, काम करत नाही. इथे डाव्या बाजूची एक पट्टी खालच्या टोकाला वीतभर सुटली होती. फार नाही. पण प्लायवूडच्या बुडात सुरी टोचली तर ती अर्धा इंच आत गेली, आणि ते मला आवडलं नाही.

आता ऑस्मोसिस, म्हणजे बुडावरचे फोड. याचा बागुलबुवा भलताच मोठा आहे. जेलकोटमधून, म्हणजे फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून, पाणी अगदी हळूहळू आत झिरपतं, रेझिनमधले सुटे राहिलेले घटक त्यात विरघळतात, त्या आंबट द्रावणाकडे आणखी पाणी ओढलं जातं आणि दाबाने फोड येतो. पाणी जितकं कोमट आणि जितकं गोडं तितकं हे जलद. गोव्यात दोन्ही आहे. पावसाळ्यात मांडवी-झुआरीचं पाणी गोडं होतं, चार महिने बोट नदीत तरंगत राहिली तर खाऱ्या समुद्रापेक्षा तिचं बूड जास्त सोसतं. आमच्याकडचे लोक उलटं समजतात. गोड्या पाण्याने बार्नॅकल, म्हणजे बुडाला चिकटणारे शिंपलेवाले जीव, मरतात म्हणून बोटीला बरं, असं म्हणतात. बार्नॅकल मरतात हे खरं, पण त्याचा हिशेब जेलकोट चुकता करतो.

बोट क्रेनने वर काढली तेव्हा सुकाणूच्या बाजूला, पाण्याच्या रेषेखाली, रुपयाएवढे फोड दिसले. गॉगल लावून एक फोडला. गॉगल लावाच, कारण आतलं पाणी दाबाखाली असतं आणि नेम धरून डोळ्यातच उडतं. सिरक्यासारखा वास आला, म्हणजे फोड खरेच, रंगाचे नव्हेत. पण सगळे वरवरचे. खालची मॅट घट्ट होती. तेवढा भाग घासून, सुकवून, इपॉक्सीचे थर द्यायचे. यात बोट सुकवणं हेच खरं काम आहे, आणि गोव्यात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीच होतं. जूनमध्ये कुणी 'सुकवून देतो' म्हणाला तर त्याच्याकडून फक्त चहा घ्या. ओलावा मोजणाऱ्या मीटरचंही तेच. पाण्यातून नुकत्याच काढलेल्या बोटीवर, त्यातून बुडाला तांब्याचा रंग असताना, तो मीटर कुठेही टेकवला तरी ओरडतो. तो आकडा दाखवून कुणी भाव पाडत असेल किंवा घाबरवत असेल तर दोघांकडेही दुर्लक्ष करा आणि प्लॅस्टिकच्या तोंडाची हातोडी घ्या. ठण वाजलं तर ठीक, धप वाजलं तर खडूने खूण.

बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, ओंजळभर पाणी साचलं होतं. मी हाताचं बोट बुडवून चाखलं. भाच्याने तोंड वाकडं केलं, पण याहून स्वस्त तपासणी नाही. खारं असेल तर ते खालून आलं, ग्लँडमधून (पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो ते बूच) नाहीतर एखाद्या सीकॉकमधून (बुडातला व्हॉल्व्ह). हे गोडं होतं. पाण्याची टाकी भरलेली आणि बाहेरून कोरडी, गळती नाही. मग गोडं पाणी येणार कुठून? मालक म्हणाले, "पावसाचें उदक तें, बाब." अगदी बरोबर. आणि पाऊस खाली पोचतो तो डेकमधून.

या बोटीचं दुखणं डेकमध्ये आहे. त्या काळच्या बहुतेक बोटींसारखा हिचाही डेक सँडविच आहे: वर फायबरचा पातळ थर, खाली पातळ थर, मध्ये बाल्सा लाकूड, धागे उभे करून बसवलेलं. हलका, ताठ, पायाखाली छान लागणारा. पण त्यात मारलेला प्रत्येक स्क्रू ही पाण्याला दिलेली वाट असते. रेलिंगचे खांब, विंचेस, क्लीट, हॅच, कुणीतरी नंतर बसवलेलं सौर पॅनेलचं स्टँड. सीलंट दहा-बारा वर्षांत मेलं की पाणी बाल्सात जातं आणि मग ते तिथेच राहतं. युरोपात थंडीने गोठून थर सुटतात, इथे गोठायची भीती नाही, पण इथलं ऊन आहे. एप्रिलच्या दुपारी डेकवर अनवाणी उभं राहवत नाही, आतलं ओलं लाकूड उकडतं, वर्षानुवर्षे उकडून त्याचा लगदा होतो. हातोडी घेऊन मी नाळेपासून मागेपर्यंत गेलो. डोलकाठीच्या पुढे डाव्या बाजूला जेवणाच्या टेबलाएवढा भाग धप धप करत होता. टाच दाबली की खालून पाणी पचकतं असा आवाज. रेलिंगच्या दोन खांबांखालीही तेच.

दुरुस्ती मला येते, म्हणून मी घाबरलो नाही. वरचा थर कापून उचलायचा, लगदा खरवडायचा, नवीन कोअर, म्हणजे मधला गाभा, बसवायचा, थर पुन्हा बसवायचा. नंतर प्रत्येक स्क्रूचं भोक मोठं करून इपॉक्सीने भरायचं आणि मग त्या इपॉक्सीतून नवं, नेमकं भोक पाडायचं, म्हणजे पुढे सीलंट मेलं तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही. काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. फायबरचं काम बाहेरून करून घेणाऱ्याला मात्र इथेच बोट महाग पडते. एका भावाने कापून दिलं, दुसऱ्याने भरलं, तिसऱ्याने नुसती वरून इंजेक्शनने इपॉक्सी सोडली, असे डेक मी उघडले आहेत. इंजेक्शन ओल्या लाकडात चिकटत नाही. ते कुणी सुचवलं तर नमस्कार करून निघा.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांची कथा याच डेकला जोडलेली आहे. तारा डेकवरच्या स्टीलच्या पट्ट्यांना, चेनप्लेटना बांधलेल्या असतात आणि पट्ट्या डेकमधून खाली बल्कहेडला बोल्ट केलेल्या. बाहेरून चकचकीत. पण स्टेनलेस स्टीलला हवा लागली तरच ते स्टेनलेस. ओल्या, बंद फटीत ते आतून खात जातं. ज्या बल्कहेडमध्ये माझी सुरी शिरली त्यालाच डावी चेनप्लेट होती. ती काढून बघितल्याशिवाय मी कुणालाही भरसमुद्रात पाठवणार नाही, भाच्याला तर नाहीच, कारण मग माझ्या बहिणीला तोंड मला दाखवायचं आहे. तारा स्वतः किती जुन्या याचं बिल मालकांकडे नव्हतं. उष्ण खाऱ्या हवेत दहा वर्षांपुढे त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. टोकाच्या दाबून बसवलेल्या टर्मिनलवर भिंगाने केसासारखी एक रेष दिसली. त्यामुळे सगळं नवीन. ते काम करताना हाताने खोलता येणारी मेकॅनिकल टर्मिनल घ्यावीत, कारवारच्या पुढे दाबायचं यंत्र शोधत बसायला लागत नाही.

सीकॉक लवकर सांगतो. बुडातून पाणी आत-बाहेर करणारे व्हॉल्व्ह पाच. तीन मूळचे कांस्याचे, पन्नास वर्षांनीही हातात फिरतात. दोन नंतर कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले पितळी गेट व्हॉल्व्ह, जे आपण घराच्या गच्चीवरच्या टाकीला लावतो तेच. खरवडल्यावर पितळ गुलाबी दिसलं, म्हणजे त्यातलं जस्त निघून गेलं आणि उरला तो तांब्याचा स्पंज. हातोडीचा एक ठोका आणि बोट झुआरीच्या तळाशी. हे दोन आजच्या आज बदला, बोट घेतलीत किंवा नाही घेतलीत तरी. मालकांना तेच सांगून आलो.

इंजिन भाच्याचं खातं. तीन सिलिंडरचं डिझेल, मूळचं नव्हे, नंतर बदललेलं, गोड्या पाण्याच्या कूलिंगचं. त्याने अट घातली होती की आम्ही येण्याआधी इंजिन चालू करायचं नाही. हात लावून थंड असल्याची खात्री केली, मग चावी. लगेच पेटलं, धूर क्षणभर पांढरा, मग काही नाही. एक्झॉस्ट एल्बोमध्ये काजळी आहे, डिझेलच्या टाकीत तळाला पाणी आणि काळा गाळ आहे. दमट हवेत अर्धी रिकामी टाकी ठेवली की हे होणारच. ग्लँडमधून शाफ्ट फिरताना थेंब पडतात, तेवढे पडायलाच हवेत. "मामा, या बोटीत सगळ्यात तरुण हेच आहे," एवढाच त्याचा अहवाल. टाकी ९० लिटर, ताशी दोन लिटर, वेग पाच नॉट, म्हणजे ताशी पाच सागरी मैल. कागदावर मुंबईपर्यंत शिडाशिवाय जाता येईल. वायरिंग सगळं हिरवं पडलंय. ते उपटून टाकायचं, तिथे बघण्यासारखं काही नाही.

आता चालवण्याचं. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या, वाऱ्यावर निघालो. जानेवारीत गोव्यात पहाटेचा पूर्वेचा वारा असतो, दहा-अकराला तो मरतो, तासभर समुद्र तेलासारखा पडून राहतो आणि मग वायव्येचा खारा वारा उठतो. पहाटेच्या पाच-सहा नॉट वाऱ्यात ही बोट रडते. दीड-दोन नॉट, तेही पुढचं मोठं जिनोआ शीड उघडून. शेजारून वल्ह्याची होडी पुढे गेली, त्यातल्या तांडेलाने हात केला आणि हसला. हीच बोट दुपारी १४ नॉटच्या वाऱ्यात निराळी होते. एका बाजूला वीसेक अंश कलली, तिथे जाऊन घट्ट बसली आणि मग तिने तिथून हलायचं नावच घेतलं नाही. वाऱ्याच्या तोंडाकडे पाच नॉट. सुकाणूचा दांडा सोडून दिला तरी बराच वेळ सरळ. लाटेवर ती आपटत नाही, कापत जाते. पोटातलं शिसं तिला हेलकावे सावकाश देतं आणि उलटी होणाऱ्या माणसाला हा फरक पहिल्या तासात कळतो. यापुढे वारा कितीही वाढला तरी २४ फुटांच्या जलरेषेला साडेसहा नॉटच्या आसपास कुलूप आहे. घाई असणाऱ्याने ही बोट घेऊ नये.

शिडं फुगलेली असताना मी खाली जाऊन संडासाचं दार लावून बघितलं. काठावर असताना ते सहज लागत होतं. कललेल्या बोटीत थोडं घासलं, पण लागलं. बोट पिळवटत असेल तर दार अडकतं नाहीतर उघडतच नाही, आणि हे कुठलाही विक्रेता लपवू शकत नाही.

वळायला मात्र तिला वेळ लागतो. लांब कील, त्यामुळे नाळ वाऱ्यातून फिरवताना वेग हवा, नाहीतर मध्येच थबकते. आणि रिव्हर्स? इंजिन रिव्हर्समध्ये टाकलं की मागचा भाग पंख्याच्या ओढीने एकाच बाजूला जातो, सुकाणू कुठेही धरा. पणजीसमोर कॅसिनोंची जहाजं नांगरून उरलेल्या पाण्यात, ओहोटीचा ओघ असताना, फेरीबोट येताना दिसत असताना, हा खेळ करायची माझी तयारी नाही. बाहेरच नांगर टाकावा आणि डिंगीने, म्हणजे छोट्या होडीने, यावं.

याच कीलचा एक मोठा फायदा युरोपातल्या कुठल्याही वर्णनात सापडणार नाही: जाळी. मालवणपासून कारवारपर्यंत रात्री समुद्रात जाळ्यांचं जाळं असतं, वर दिवा नसलेले थर्माकोलचे तुकडे नाहीतर रिकामे कॅन. पातळ फिन कील आणि सुटं सुकाणू असलेली आधुनिक बोट त्यात दोन ठिकाणी अडकते, पंखा गुंतला तर तिसऱ्या. हिचा पंखा कील आणि सुकाणूमधल्या खिडकीत लपलेला आहे आणि खालून कडा अखंड. दोरी घसरून मागे जाते. अंधारात एका जाळ्यावरून आम्ही तसेच गेलो, नुसता बुडाला खरखराट झाला. जाळ्याच्या मालकाचंही नुकसान टळलं, जे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं, कारण ते माझे गिऱ्हाईक आहेत.

भरसमुद्रासाठी हिला पैकीच्या पैकी देतो ते फक्त वाटण्यावरून नाही. १९७९च्या फास्टनेट या इंग्लंडातल्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या आणि वादळात १५ स्पर्धक मेले. सर्वांत लहान बोटींच्या गटात शर्यत पुरी करणारी एकच होती, 'असेंट' नावाची, काँटेसा बनावटीची ३२ फुटी बोट. अरुंद, जड, खोल. आपली बोट काँटेसा नव्हे, पण शहाणपण त्याच पिढीचं: रुंदी कमी, शिसं भरपूर, उलटली तर सरळ व्हायची घाई. हल्लीची गोल्डन ग्लोब, म्हणजे एकट्याने न थांबता जगाला फेरी मारायची शर्यत, तर मुद्दाम अशाच बोटींवर खेळतात. ३२ ते ३६ फूट, आराखडा १९८८च्या आधीचा, लांब कील, सुकाणू तिच्याच कडेला. भारतीय नौदलातले खलाशी अभिलाष टॉमी २०१८ मध्ये ज्या 'थुरिया'तून त्या शर्यतीत गेले ती गोव्यात बांधलेली लाकडी बोट होती, १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत जग फिरून आलेल्या, मुंबईत बांधलेल्या 'सुहेली'ची प्रतिकृती. हिंदी महासागरात तिची डोलकाठी मोडली. पुढच्या खेपेला ते रस्टलर ३६ या फायबरच्या जुन्या आराखड्याच्या बोटीतून गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. दिवाडी बेटावर २००९ मध्ये तयार झालेली नौदलाची शिडाची बोट 'म्हादेई' ५६ फुटांची, तिचा प्रकारच वेगळा. पण बोटीने जग फिरायचं स्वप्न गोव्यातल्या पोरांच्या डोक्यात तिनेच भरवलं, आणि भाचा त्यातलाच एक.

आतलीही रचना लांबच्या सफरीची आहे. कॉकपिट लहान आणि खोल, पाणी जाण्याची भोकं मोठी. खाली उतरायच्या दारापुढे उंच उंबरठा, म्हणजे मागून लाट भरली तरी ती सरळ घरात येत नाही. झोपायच्या जागा अरुंद, कडेला फळी लावून घेता येते. कललेल्या बोटीत प्रशस्त पलंगापेक्षा हीच झोप लागते. पाण्याची टाकी १८० लिटर, काटकसरीने तीन माणसांना पंधरा दिवस. स्वयंपाकाचा ओटा जिन्याजवळ, स्टोव्ह लाटेबरोबर झुलणारा. गॅसची पेटी बाहेरून बंद आणि तळाशी समुद्रात उघडणारी नळी. गॅस हवेपेक्षा जड, तो बिल्जमध्ये साठू नये म्हणून. आपला घरगुती मोठा सिलिंडर तिथे बसत नाही, ५ किलोचा बसतो. रेग्युलेटर इंग्रजी आहे, बदलावा लागेल.

पण घर इंग्लंडच्या हवेसाठी बांधलेलं आहे. छोट्या खिडक्या, गडद सागवान, दोनच हॅच. नांगरावर दुपारी आत भट्टी. डेकवर कापडी छत ताणल्याशिवाय मार्चनंतर यात कुणी जेवूसुद्धा शकणार नाही. मालक म्हणाले की बायको एकदाच राहायला आली होती. मी पुढे विचारलं नाही.

आता किनाऱ्याला काठावर पास का. साडेपाच फूट खोली म्हणजे आपल्या निम्म्या नद्यांना दाराबाहेरून नमस्कार. शापोऱ्याच्या तोंडाशी वाळूचा दांडा, बेतुलला सालच्या तोंडाशी ट्रॉलरसुद्धा रुततात. उधाणाची मोठी भरती गाठून आत जाल, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत बाहेर कसे पडाल? मांडवीत अग्वादच्या दांड्यावरून नेहमी पाणी मिळतं, पण लाट उभी राहत असेल तर साडेपाच फुटांना हवं तेवढं अंतर उरत नाही, आणि जून ते ऑगस्ट तो रस्ता बंदच समजा. पूल आहेतच, डोलकाठी उभी ठेवून वर नदीत आसरा घ्यायला जाता येत नाही. पावसाळ्यात बोट काठावर काढायची तर मोठ्या भरतीला, क्रेनवाल्याची तारीख मिळाली तर. जमिनीवर चार महिने, वर ताडपत्री, खाली हवा खेळती, आणि दर आठवड्याला कुणीतरी जाऊन बिल्ज बघायला हवं. पूर्ण उत्तरेकडे, मुंबईच्या दिशेला जायचं तर जानेवारीपासून वायव्येच्या वाऱ्याच्या तोंडातच चालायचं आहे. दक्षिणेला, कारवार-कोचीकडे, तीच बोट मजेत पळेल. कारवारला नौदलाचा भाग आहे, तिथून दूरच राहावं.

मागणी १६ लाख. माझ्या मते चेनप्लेटसह पूर्ण रिगिंग, म्हणजे डोलकाठीच्या तारा, डेकचा तो भाग, बल्कहेडचं बूड, सीकॉक, वायरिंग, शिडाची शिलाई आणि क्रेन मिळून मागणीच्या निम्म्याहून अधिक जाईल, आणि तेही डेकची मजुरी मी घरची धरली तर. बूड, कील, सुकाणू आणि इंजिन या चार गोष्टी मात्र आज नवीन करायला गेलात तर १६ लाखांत होणार नाहीत. म्हणून आम्ही ८ सांगितले. कागद मात्र भाचा आधी बघणार आहे: मालकीची साखळी, कस्टम्सची पावती, नोंदणी. परदेशी बनावटीच्या बोटीत ही फाईल डेकपेक्षाही आधी उघडावी, कारण ओला बाल्सा मी बदलू शकतो, न भरलेला कर नाही.

मालकांनी ८ला नकार दिला, पण डावी चेनप्लेट काढून बघायला हरकत नाही म्हणाले. बोल्ट गंजलेले निघाले तर आकडा आणखी खाली जाईल, स्वच्छ निघाले तर आम्ही १० पर्यंत जाऊ. पाने आणि पेनिट्रेटिंग ऑइल गाडीत टाकलं आहे. क्रेनवाल्याने बोट खाली सोडायच्या आत ते काम उरकायचं आहे.